आईचं पाठमोरं चित्र

या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसतं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसत वाचते. कुणाचं दार आपोआप उघडलं की मी मनात म्हणायची, आधी बिजागरी बघा. कुणाच्या छातीवर कोणी बसलं की म्हणायची, जेवून लगेच झोपला असशील. मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. आहे. आमच्या करंजा गावातल्या अख्ख्या आळीत पदवी घेतलेली पहिली मुलगी, आणि घरात तर पहिलं माणूसच. तळोज्याच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. कुठलंही रीडिंग दोनदा घेतल्याशिवाय मी सही करत नाही. बढाई म्हणून सांगत नाही... बरं, थोडी बढाई आहेच, कमावलेली आहे. पण आता जे लिहिते आहे ते रीडिंग मी वीसदा घेतलंय, आणि ते कुठल्या रकान्यात भरायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आम्ही कोळी. बाबा बोटीवर जायचे, आई करंज्याच्या धक्क्यावर लिलावात म्हावरं घेऊन पनवेलच्या बाजारात विकायची. डोक्यावर कापडाची चुंबळ, चुंबळीवर पाटी. तीस वर्षं. मला नोकरी लागली त्या महिन्यात मी तिला सांगितलं, आता पाटी बंद. बाबा गेल्यावर तिला नवीन पनवेलच्या फ्लॅटवर घेऊन आले. तिसरा मजला, लिफ्ट आहे. अकरा वर्षं झाली, आईने डोक्यावर काही घेतलेलं नाही. हे लक्षात ठेवा.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. जुन्या पनवेलला एक शिल्पकार राहतात. नाव देत नाही, सर म्हणते. सत्तरीचे आहेत, शाळेत चित्रकला शिकवायचे, आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पुतळे करतात. पूर्वी आईचं कायमचं गिऱ्हाईक. त्यांना एका चौकासाठी कोळणीचा पुतळा करायचं काम आलं होतं आणि त्यांना आईच आठवली. शोधत शोधत घरी आले.

मला आवडलं नव्हतं. मी आईला पाटीखालून बाहेर काढलं आणि हे परत तिला पाटीखाली उभी करणार. पण आई खूश.

"घरान बसून काय करू गो? टीवीवाल्या बायकांची भांडनं बगू?" ती म्हणाली. "मास्तर बोलतान, निस्तं उबं रवायचं हाय. उबं रवायला मना कोन शिकवनार?"

मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन ते पाच. रिक्षाने जायची, रिक्षाने यायची. दुसऱ्या आठवड्यात मी सुट्टी टाकून बरोबर गेले, म्हटलं बघू तरी काय चाललंय.

शेडमध्ये ओल्या मातीचा वास. एका कोपऱ्यात आई उभी — नऊवारी लुगडं कोळी पद्धतीनं कासोटा घालून नेसलेलं, पोटऱ्या उघड्या, डोक्यावर चुंबळ आणि त्यावर रिकामी बांबूची पाटी, दोन्ही हात वर. समोर स्टुलावर सर, मांडीवर बोर्ड. वरच्या वाशाला एक ओळंबा टांगलेला — गवंडी वापरतात तोच, दोरीला वजन. आई त्या दोरीच्या मागे उभी राहायची, म्हणजे शरीराचा तोल कुठे जातो ते सरांना दिसायचं. आणि आईच्या मागच्या भिंतीवर तिच्या उंचीची पेन्सिलची खूण. उभा राहून माणूस थकतो, खचतो, तेव्हा कळावं म्हणून.

"मास्तर, प्वाट जरा कमी काडा," आई म्हणाली.

"मावशी, पोट काढलं तर तुम्ही पडाल. सगळा भार तिथंच पेललाय तुम्ही."

"भार कसला, रिकामी हाय पाटी."

सर हसले नाहीत. मला जवळ बोलावून त्यांनी आधीची चित्रं दाखवली. मी चित्रातली जाणकार नाही, पण सांगते. आधी पेन्सिल, अगदी हलकी, एकाच रेषेवरून चार वेळा गेलेली. मग पातळ जलरंग, दोन-तीनच — मातकट, गेरूसारखा, आणि सावलीला निळसर करडा. चेहरा जवळजवळ नाहीच. त्यांची सुरुवात पायापासून असते. म्हणाले, "माणूस तळव्यापासून उभा राहतो, तोंडापासून नाही. आणि मूर्तिकाराचं चित्र भिंतीवर लावायला नसतं. मातीला हात लावताना हाताला आठवण राहावी म्हणून असतं. म्हणून मी फक्त दिसतं तेवढंच काढतो, मनचं एक बोट नाही."

मग त्यांनी पेन्सिलच्या मागच्या टोकाने चित्रातली मान दाखवली. "ही बघ. शिरा ताणल्यात. चुंबळ चपटी झालीय. टाचा बघ, मांस बाहेर आलंय. ही रिकामी पाटी घेतलेली बाई नाही. पंचवीस-तीस किलो आहे हिच्या डोक्यावर."

"सवय आहे, सर. शरीराला आठवत असेल."

"मलाही तेच वाटलं," ते म्हणाले. "म्हणून परवा पाटी काढायला लावली. चुंबळही. नुसतं उभं केलं." त्यांनी खालचा कागद वर घेतला. डोक्यावर काही नाही, हात खाली सोडलेले... आणि मान तशीच. टाचा तशाच. डोक्यावरचे केस मधोमध दबलेले, जसं वर काहीतरी आहे.

मी म्हटलं ना, मी हसणाऱ्यांपैकी. मला वाटलं, म्हातारा माणूस, पुतळ्याच्या नादात आहे.

मग घरी एक दिवस पाहिलं. आई किचनमधून हॉलमध्ये येत होती. दारात आली, थांबली, गुडघ्यात वाकली, पाठ सरळ ठेवून दाराखालून निघाली आणि परत उभी झाली. आमचं दार सात फुटांचं आहे. आई पाच फुटांचीसुद्धा नाही.

"आये, हे काय?"

"काय?"

"वाकलीस कशाला?"

"लागंल ना."

"काय लागेल?"

ती माझ्याकडे बघत राहिली, जसं मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलंय. मग चिडली. "मना काय म्हाईत काय लागंल. गुडगं दुकतान म्हनून वाकले."

गुडघे दुखणारं माणूस गुडघ्यात वाकत नाही. पाटीवाली बाई मात्र प्रत्येक दारात तशीच वाकते. त्यानंतर मी बघायला लागले आणि बघितल्यावर सगळंच दिसायला लागलं. हाक मारली तर आई मान वळवत नव्हती, अख्खी वळायची. लिफ्टमध्ये शिरताना वाकायची. लिफ्टमधल्या शेजारणीने एकदा मस्करी केली, "मावशी, मुजरा कुणाला करताय?" आई हसली, पण मान हलली नाही. आणि डाव्या खांद्यावर ब्लाऊज ओला असायचा. बर्फ वितळून पाटीतून पाणी ठिबकतं ना, तिथेच. डिसेंबर महिना होता, पंखासुद्धा बंद.

मी तो ब्लाऊज पिशवीत घालून लॅबमध्ये नेला. हसा खुशाल. ओला भाग डिस्टिल्ड वॉटरमध्ये पिळला, सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले, पांढरा साका खाली बसला. म्हणजे मीठ. दोनदा केलं. पण मीठ घामातही असतं. त्यातून काही सिद्ध होत नाही, एवढंच सिद्ध झालं.

डॉक्टरही करून झाले. मानेचा एक्स-रे, मग एमआरआय. डॉक्टर म्हणाले, "या वयात मणक्यांमधली जागा कमी होतेच. कॅल्शियम घ्या, वजन उचलू नका." मी विचारलं, वजन उचललेलं नसताना असं होतं का. ते म्हणाले, "आयुष्यभर उचललंय ना." बरोबर उत्तर होतं. मी ते उत्तर घरी घेऊन आले आणि महिनाभर त्याच्यावरच राहिले.

सरांच्या भिंतीवर मात्र खुणा वाढत होत्या. प्रत्येक वेळी आई उभी राहिली की ते नवी खूण करायचे. पहिलीपासून शेवटचीपर्यंत मी स्वतः पट्टी लावून मोजलं. दोन महिन्यांत सव्वा इंच खाली. एवढं वयाने होत नाही. मी म्हटलं, आता बस, आई येणार नाही.

तर आईच अडून बसली. "मास्तरांचं काम अर्ध्यावं सोडू? पाटीवं घेतलेला माल कोन वाटेन टाकतो?"

सर खाली मान घालून ब्रश धूत होते. म्हणाले, "एकच बाजू राहिलीय. पाठ. तेवढी करतो आणि सोडतो मावशींना."

पुतळा सगळीकडून दिसतो, म्हणून चित्रंही चारी बाजूंनी लागतात. पुढून, दोन्ही कुशींनी, पाठीमागून. मी कामावर होते तेव्हा त्यांनी पाठमोरं चित्र केलं. शुक्रवारी मी आईला आणायला गेले तर ते बोर्डवर होतं.

आईची पाठ, लुगड्याचा काठ, कासोटा, पोटऱ्या. इतकी खरी की मला भरून आलं, खोटं का बोलू. मग वर पाहिलं. पाटीच्या मागच्या कडेला दोन हात होते. मनगटापर्यंतच, पुढे कागद कोरा. नुसत्या पेन्सिलने काढलेले, रंग नाही. जसं कुणीतरी मागे उभं राहून पाटी आईच्या डोक्यावर चढवतंय.

"बरं झालं तू मंगळवारी आलीस," सर म्हणाले. "हात मिळाले."

"मी मंगळवारी नव्हते, सर."

"अगं, मागे उभी होतीस. मावशी तुझ्याशीच बोलत होत्या. मी म्हटलंसुद्धा, हलू नकोस."

"मंगळवारी माझी जनरल शिफ्ट होती. हजेरीचा पंच दाखवू?"

त्यांनी माझे हात हातात घेतले, उलटेसुलटे करून बघितले, मग चित्राकडे बघितलं. माझी बोटं आखूड आहेत, आईवर गेलेली. चित्रातली लांब होती, मनगटं बारीक. सरांनी माझे हात हळूच सोडले आणि स्टुलावर बसले.

आई चपला घालत होती. आमच्यात मुलीला बाय म्हणतात. ती तिथूनच म्हणाली, "बायचंच हात हायेत ते. कोनाचं असनार?"

आणि आता मला ते सांगायला हवं, जे मी सोळा वर्षांत कुणालाच सांगितलेलं नाही.

तेव्हा मी एस.वाय.ला होते, पनवेलच्या कॉलेजात. मी आणि आई एकाच गावातून एकाच ठिकाणी यायचो, पण वेगवेगळ्या एसटीने. तसं मीच ठरवलं होतं, अभ्यासाचं कारण सांगून. खरं कारण वास. एका सकाळी स्टँडवर मी चार मैत्रिणींबरोबर उभी होते आणि आईची गाडी लागली. कंडक्टरने पाटी खाली ठेवली. भरलेली पाटी एकट्या बाईला डोक्यावर घेता येत नाही. गुडघ्यापर्यंत आपण आणायची, मान खाली घालायची, आणि मागच्याने उचलून चुंबळीवर सरकवायची. म्हणून कोळीण ज्याला दिसेल त्याला हाक मारते, "हात लाव रं." आणि ज्याला हाक मारली त्याने नाही म्हणायचं नाही, हे आमच्यात शाळेत न गेलेल्यालाही माहीत असतं.

आईने मला बघितलं. मैत्रिणी आहेत हेही बघितलं असणार, कारण नाव घेतलं नाही. पाटीला हात घालून, मान खाली घालून, नुसतं म्हणाली, "बाय, हात लाव गो."

मी पाठ फिरवली. पिशवीत काहीतरी शोधायला लागले. काय शोधत होते ते मला आजही आठवतंय — काहीच नाही. परत वळून बघितलं तेव्हा आई पाटी डोक्यावर घेऊन गेटबाहेर पडत होती. म्हटलं, कुणीतरी हात लावला असेल.

त्या संध्याकाळी घरी गेले तर आई बाबांना सांगत होती, "आज माजे बायनी कॉलेजच्या पोरींसमोर पाटीला हात लावलान. जराव लाजली नाय." मान खाली, मागचं काही दिसत नाही, तिला वाटलं मीच. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ते आळीभर झालं. मग माझ्या पदवीच्या पेढ्यांबरोबर ते सांगितलं गेलं. नोकरीच्या पेढ्यांबरोबर. बाबांच्या तेराव्याला आलेल्या बायकांनाही. ती गोष्ट आईला माझ्या डिग्रीपेक्षा मोठी होती. आता कशी मोडू, असं म्हणत म्हणत सोळा वर्षं गेली.

सरांकडून आल्यावर मी त्या चौघींपैकी एकीला फोन केला. ती आता खारघरला असते, वर्षातून एकदा बोलतो. आडून आडून विचारलं, तुला आठवतं का, स्टँडवर एकदा एक कोळीण...

"तुझी आई ना?" ती म्हणाली.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अगं, आम्हाला माहीत होतं. चेहरा तुझाच तर आहे. आम्ही बोललो नाही, तुला कसंतरी वाटेल म्हणून."

"तिला हात कोणी लावला होता गं?"

"कुणी नाही. तेच तर लक्षात राहिलं. मी हात लावायला निघाले तोपर्यंत तिने एकटीनेच उचलली. पाटी अशी सरळ गेली वर. आम्ही बघतच राहिलो, केवढी ताकद म्हणून."

आईला विचारलं, भरलेली पाटी कधी एकटीने डोक्यावर घेतलीस का? "हट," म्हणाली, "मान मोडंल. कोनाला जमलंय?"

त्याच आठवड्यात तिने बोलून दाखवायला सुरुवात केली. तोवर ती मान दुखते एवढंच म्हणायची. एका रविवारी मी भाजी निवडत होते, ती खिडकीशी उभी होती. हल्ली बसतही कमी होती. म्हणाली, "बाय, उतरव ना गो आता. लय येल झाला."

"काय उतरवू?"

"चडवलीस तू, उतरवशील पन तूच ना? दुसरा कोन येनार?"

मी उठले. काय करत होते मला कळत नव्हतं, पण उठले. तिच्या मागे उभी राहिले, दोन्ही हात तिच्या डोक्याच्या वर धरले आणि उचलल्यासारखं केलं. हवाच होती. हाताला काहीही लागलं नाही. थंड नाही, ओलं नाही, काही नाही.

"निस्ता हात लावतंस," आई म्हणाली. रागाने नाही, थकून. "उचल."

मी परत केलं. जोर लावून. तुम्ही कधी रिकाम्या हवेला जोर लावून बघितलाय? दंड दुखायला लागले तरी मी करत होते. शेवटी ती म्हणाली, "रवदे. जमत नाय तुला. कामावरून दमून येतंस."

तेव्हा माझा धीर सुटला. मी पुढे जाऊन तिच्या समोर बसले आणि सगळं सांगितलं. स्टँड, मैत्रिणी, पिशवी, सगळं. म्हटलं, आये, मी हात नाही लावला. मी पाठ फिरवली. इतकी वर्षं मी खोटी राहिले. मला वाटलं होतं, हे बोलले की काहीतरी सुटेल. सुटायला पाहिजे होतं. आम्ही अशाच गोष्टी ऐकत मोठे झालो ना, कबूल केलं की सुटतं.

आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला. "असं क्याला बोलतंस? मी तुजं हात वलखत नाय? मागं होतीस तू. बोललीस पन, सावकास जा आये म्हनून."

"मी नव्हते गं."

"येडी झाली. शिकून शिकून येडी झाली," असं म्हणून ती हसली. तिने ऐकलंच नाही. आजतागायत ऐकलेलं नाही. माझी चूक कबूल करायचीसुद्धा सोय तिने ठेवली नाही.

मी सरांकडे एकटी गेले. त्यांना सगळं सांगितलं, आईला नाही पटलं तेही. मातीचं काम त्यांनी थांबवलं होतं. म्हणाले, तारेच्या सांगाड्यावर माती चढवली की मान खचते, तीनदा झालं, चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. मग म्हणाले, "एक करून बघू. मावशींना एकदा आण. तू खरोखर मागे उभी राहा. पाटीला हात लाव. मी तुला काढतो, हातांसकट. ते पहिले पुसून टाकू."

मला एवढं बरं वाटलं काय सांगू. काहीतरी करण्यासारखं होतं.

शुक्रवारी दुपारी, लख्ख उजेडात, मी आईच्या मागे उभी राहिले. रिकाम्या पाटीला दोन्ही हात लावून. सर मागे बसले. त्यांनी आधी खोडरबराने ते जुने हात पुसले — मी बघितलं, कागद पांढरा झाला. मग काढायला लागले. वीस-पंचवीस मिनिटं मी हलले नाही. खांदे भरून आले, बोटांना मुंग्या आल्या. मध्येच सरांनी कागद खरवडल्याचा आवाज आला, मग परत पेन्सिल. मग परत खरवडणं. तिसऱ्यांदा तसं झालं आणि मग आवाजच थांबला.

"सर?"

"खाली घे हात," ते म्हणाले.

मी वळून गेले. कागद तिथे घासून घासून लवदार झाला होता. त्यावर आईची पाठ. पाटीच्या कडेला तेच लांब बोटांचे हात, तीच बारीक मनगटं. आणि मी? मी पंचवीस मिनिटं आई आणि सर यांच्या मधे उभी होते. माझी पाठ, माझा ड्रेस, माझी वेणी — चित्रात आधी मीच दिसायला हवी होते. मी कुठेच नव्हते.

"मी दिसतं तेवढंच काढतो," सर म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मी तुझ्याकडेच बघत होतो गं. तुझ्याकडेच बघून काढत होतो."

तोवर आई वळून, अख्खी वळून, जवळ आली होती. तिने चित्र बघितलं आणि तिचं तोंड खुललं. "हे बगा मास्तर. आता बरोबर आलं. बायचं हात."

सरांनी ते काम दुसऱ्याला देऊन टाकलं. चौकात पुतळा होईल, पण तो आईचा नसेल. चित्रं त्यांनी मला दिली, स्वतःकडे ठेवायची नव्हती त्यांना. बाकीची मी कपाटावर टाकली. पाठमोरं मात्र आईने हट्टाने फ्रेम करून घेतलं. ते हॉलमध्ये टीव्हीच्या वर आहे. आलेल्या प्रत्येकाला ती दाखवते, ही मी आणि ही माजी बाय. लोक कौतुक करतात. मी चहा टाकायला आत जाते.

कुणी म्हणेल, हा सगळा माझ्या मनाचा खेळ. मान्य. मग भिंतीवरच्या खुणा? कुणी म्हणेल, सर म्हातारे, आई म्हातारी, आणि मैत्रिणीला नीट आठवत नसेल. तेही मान्य, एकेक करून सगळं मान्य. पण लॅबमध्ये आम्ही एकेक रीडिंग वेगळं काढून फेकून देत नाही. ते हात कुणाचे, त्यांनी माझ्या आईला मदत केली की आणखी काही, आणि अकरा वर्षं गप्प असलेलं ओझं आत्ताच का जड झालं... नाही माहीत. उतरवायचं कसं हे कुणाला माहीत असेल तर सांगा, मी हसणार नाही. स्टँडवर आता कुठलीही बाई पाटीपाशी उभी दिसली की मी धावत जाते. आईला त्याचा काही उपयोग झालेला नाही.

काल सकाळची गोष्ट. तिला फिजिओथेरपीला न्यायचं होतं. मी पुढे जाऊन लिफ्टचं बटण दाबलं आणि दाराकडे वळले. आई उंबऱ्याशी आली. थांबली. गुडघ्यात वाकली, पाठ सरळ ठेवून दाराखालून निघाली. आणि उभी होता होता, मान न वळवता, मागे कुणालातरी म्हणाली,

"सांभालून गो, बाय. तुजं हात दुकत असतील."

मी तिच्या पुढे उभी होते. मागे घरात कुणीच नव्हतं, कुलपाची किल्ली माझ्या हातात होती.